परसातल्या कार्यशाळेसाठी जुने सागवान

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

खानदेशातील गावोगावची जुनी घरे आता झपाट्याने उतरवली जात आहेत. होळी झाली की पाडकामाला सुरुवात होते आणि मृगापूर्वी जागा मोकळी करून तेथे स्लॅबच्या घराचा पाया भरला जातो. घर कोणी कसे बांधावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पावसाळ्यात गळणाऱ्या मातीच्या धाब्याखाली कोणी राहावे, असा आग्रह मी धरणार नाही. माझे म्हणणे त्या घरांतून निघणाऱ्या लाकडाबद्दल आहे. ज्यांच्या आधाराने दोन-तीन पिढ्यांचे संसार झाले ते सागवानी खांब, तुळया आणि कड्या घनफुटाच्या भावाने एका सौद्यात विकल्या जातात, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याच घराच्या परसात सुतारकामासाठी, अवजारे दुरुस्त करण्यासाठी किंवा शिलाईच्या यंत्रांसाठी लोखंडी अँगलवर पत्रे ठोकून एक शेड उभी राहते. परसातील अशा छोट्या कार्यशाळेला लाकडी सांगाडा हाच आपल्या हवेला, आपल्या मातीला आणि आपल्या कारागिरांच्या हाताला मानवणारा पर्याय आहे. त्यासाठी लागणारे लाकूड आपल्याच गल्लीत निघत आहे. आणि तो पर्याय लोकांना खुला व्हावा यासाठी शासकीय यंत्रणेने थोडे तरी लक्ष घालावे, एवढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेत कार्यानुभव हा विषय शिकवत असे. सेवानिवृत्तीनंतर घरामागच्या मोकळ्या जागेत सुतारकामाची एक खोली उभारायची ठरवली, तेव्हा भेटेल त्याने पत्र्याच्या शेडचाच सल्ला दिला. ती स्वस्त पडते आणि आठवड्याभरात उभी राहते, हे खरेच आहे. परंतु जळगाव-भुसावळच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, त्या दिवसांत दुपारी बारानंतर पत्र्याखाली उभे राहून रंधा मारणे माणसाच्या प्रकृतीला परवडणारे नाही. लोखंडातून उष्णता लाकडाच्या शेकडो पट वेगाने वाहते, त्यामुळे बाहेरचे ऊन जसेच्या तसे आत येते. थंडीत उलट प्रकार होतो. पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरते, ते थेंबाथेंबाने खाली पडते आणि पटाशा, रंध्यांची पाती, करवती गंजतात. काम करणारा माणूस आणि त्याची हत्यारे या दोघांनाही जी जागा सोसत नाही, तिला कार्यशाळा कसे म्हणावे?

दुसरा विचार जमिनीचा. तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठची आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आक्रसते. तिच्यावर उथळ पाया घालून विटांची भिंत उभी केली, तर दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते, हे दृश्य आपल्याकडे घरोघरी दिसते. लाकडी सांगाड्याचे वजन मोजक्या बिंदूंवर उतरते. तेवढ्याच जागी खड्डे घेऊन काळी माती ओलांडायची आणि मुरुमावर बसायचे, म्हणजे सगळ्या भिंतीखाली खोल चर खणण्याचा खर्च वाचतो. रावेर-यावल पट्ट्यासारखा गाळाचा थर फार जाड असेल आणि मुरूम हाताशी लागत नसेल, तर मात्र पाया किती खोल व किती रुंद घ्यायचा हे स्थापत्य अभियंत्याला विचारूनच ठरवावे. पुढेमागे एखादा खांब थोडा खचलाच, तर तुळईखाली जॅक लावून तो उचलता येतो आणि खाली दगडाची चकती सरकवून पुन्हा ओळंब्यात आणता येतो. भेगाळलेल्या भिंतीला ही सोय नाही.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला जी वादळे येतात, त्यांनी रावेर, यावल, चोपडा भागातील उभ्या केळीबागा आडव्या होतात, त्याच्या बातम्या आपण दर वर्षी छापता. त्याच बातम्यांत घरांचे पत्रे उडाल्याचाही उल्लेख असतो. पत्र्याचे छप्पर चौरस मीटरला पाच-सहा किलो भरते. मंगलोरी कौलांचे छप्पर रिपांसह (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांसह) साठ किलोंच्या आसपास जाते. वजन हेच कौलारू छपराचे वाऱ्यापासूनचे मोठे संरक्षण आहे. अर्थात तेवढे वजन पेलायला खालचा सांगाडा भक्कम हवा, आणि तो आडवा झुकू नये म्हणून खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपे आधार हवेतच. जुन्या वाड्यांत हे काम काही अंशी जाड भिंती करत असत. सुट्या उभ्या केलेल्या कार्यशाळेत भिंती हलक्या असतात, म्हणून तिरप्या आधारांवाचून सांगाडा उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाडलेल्या घराचे खांब आणून केवळ वर तुळया टाकून मांडवासारखी रचना करणारे मी पाहिले आहेत. ती रचना धोक्याची आहे.

आता प्रत्यक्ष बांधणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ वाचकांना लाकडी बांधकाम म्हणजे श्रीमंतांची हौस वाटते. माझी कार्यशाळा बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब, म्हणजे जुन्या मापाने तीन खणांची आहे (लगतच्या दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण). दोन्ही लांब बाजूंना चार-चार असे एकूण आठ खांब, प्रत्येक पाच इंच चौरस आणि नऊ फूट उंच. त्यांच्या डोक्यांवरून लांबीच्या दोन तुळया, रुंदीला चार आडव्या तुळया, त्यांवर चार कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि वर आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड). आठ खांबांचे लाकूड साडेबारा घनफूट भरले; कैच्या, पर्लिन (कैच्यांवरची आडवी लाकडे), तिरपे आधार सगळे धरून सांगाड्याला पन्नास घनफुटांच्या आसपास लाकूड लागले. मध्यम आकाराच्या एका जुन्या घरातून याहून अधिक लाकूड सहज निघते. खर्च पत्र्याच्या शेडपेक्षा जास्त आला, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्यातला मोठा वाटा मजुरीचा होता आणि ती मजुरी गावातच राहिली.

खांब जमिनीत पुरलेले नाहीत. मुरुमापासून वर आणलेल्या प्रत्येक चौथऱ्यावर काळ्या दगडाचा तळखडा (खांबाखालचा बैठकीचा दगड) बसवला, तो जमिनीपासून फूटभर वर ठेवला, त्याच्या मध्यभागी लोखंडी गज शिशाने ओतून घेतला आणि खांबाच्या तळाला तेवढेच भोक पाडून खांब त्यावर उभा केला. वादळात सांगाडा उचलला जाऊ नये म्हणून प्रत्येक खांबाच्या दोन अंगांना लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळून त्या चौथऱ्यातल्या काँक्रीटमध्ये पक्क्या केल्या आहेत. तळखडा उंच ठेवण्याची पद्धत आपल्या जुन्या घरांत सर्वत्र होती आणि तिच्यामागे दोन कारणे आहेत. लाकडाच्या टोकातून पाणी सर्वांत लवकर वर चढते, त्याला दगडामुळे अटकाव होतो; आणि उधई जमिनीतून मातीची नळी बांधत वर येते, ती दगडावर उघडी पडते आणि झाडू मारताना नजरेस येते. जमिनीत पुरलेल्या खांबाला आतून काय लागले आहे, हे खांब कलल्यावरच कळते. काम करणाऱ्या आमच्या सुतार मिस्तरींचे एक वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवावे इतके मोलाचे आहे : “भाऊ, लाकूडले वारा पायजे, पानी नको.” त्यांच्या सांगण्यावरून भिंतीच्या फळ्या खांबांना घट्ट चिकटवल्या नाहीत, मागे बोटभर फट ठेवली, आणि छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दोन फूट बाहेर पडतील असे वासे पुढे काढले.

भिंती खालून तीन फुटांपर्यंत विटांच्या आणि त्यावर जुन्या कडीपाटाच्या फळ्यांच्या आहेत. मोठ्या खिडक्या उत्तरेला घेतल्या, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि खतकसाने (लाकडावर रेघ आखण्याच्या हत्याराने) मारलेली बारीक रेघ सावलीत हरवत नाही. पश्चिमेची भिंत जवळजवळ बंद ठेवली. कौलांखाली फळ्यांचे तक्ते मारले. त्यांच्यामुळे उन्हाळ्यात पडणारा फरक हात वर करून तक्त्याला लावला तरी समजतो.

सांध्यांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आमच्या गल्लीतील घर उतरवताना मिस्तरींनी एका तुळईचा सांधा सोडवला, तो मी जवळून पाहिला. आधी बाहेरून अंगठ्याएवढी गोल खुंटी ठोकून काढली, मग मोगरीचे चार घाव घातले, आणि खोबणीतून कुसू (तुळईच्या टोकाची खोबणीत बसणारी जीभ) बाहेर आले ते आतून अजून मधाच्या रंगाचे होते. बाहेरचा खांब धुराने काळा पडलेला, आणि आत पटाशीची प्रत्येक खूण ओळखता येत होती. नीट पाहिल्यावर लक्षात आले की खोबणीच्या आणि कुसवाच्या भोकांची केंद्रे मुळातच एका रेषेत नाहीत. कुसवाचे भोक खांद्याच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढे सरकवून पाडलेले होते. त्यामुळे खुंटी ठोकताच ती कुसवाला आत ओढून धरते आणि सांधा आपोआप आवळला जातो. लाकूड पुढे वाळून आक्रसले तरी हा ताण टिकतो. एकही खिळा न वापरता बनवलेला तो सांधा इतकी वर्षे ढिला पडला नव्हता. खुंटीचे लाकूड तुळईपेक्षा जास्त वाळलेले आणि सरळ तंतूंचे असावे, ती करवतीने न कापता तंतूंच्या रेषेत फोडून तासावी, असे मिस्तरींनी सांगितले. माझ्या कार्यशाळेतील सगळे मुख्य सांधे त्यांनी याच रीतीने केले. गावात हे काम जाणणारे ते बहुधा शेवटचे आहेत. त्यांची मुले प्लायवूड आणि लॅमिनेटचे फर्निचर उत्तम करतात, पण तुळईचा सांधा करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नाही.

जुने लाकूड निवडण्याचेही एक शास्त्र आहे. साग टिकतो तो त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे. सालीलगतच्या फिकट भागात ती नसतात आणि उधई व किडा तोच भाग आधी खातात. म्हणून खांबाच्या कडेला पांढरट पट्टा दिसला तर तेवढा तासून टाकावा. पटाशीच्या मुठीने ठोकून पाहिले असता निरोगी लाकूड टणटणीत वाजते. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे असे समजावे. तुळईची भिंतीत रुतलेली टोके नेहमी सर्वांत खराब असतात, ती फूट-दीड फूट कापूनच हिशेब करावा. जुन्या लाकडात तुटलेले खिळे दडलेले असतात, ते चुंबक फिरवून शोधून काढल्याशिवाय लाकूड आरा मशीनवर नेऊ नये. पाते तर जातेच, पण कामगाराच्या डोळ्यालाही इजा होऊ शकते. जुन्या लाकडाचा मोठा फायदा असा की ते पूर्ण वाळलेले असते. ओला साग वाळताना लांबीत जवळजवळ कमी होत नाही, पण रुंदीत, कापाच्या दिशेप्रमाणे, शेकडा अडीच ते पाच इतका आक्रसतो. नवे ओले लाकूड घाईने वापरले तर पहिल्याच उन्हाळ्यात सांधे उघडतात आणि फळ्या वाकतात.

जुना साग मिळाला नाही, तर कार्यशाळेतील दुय्यम कामासाठी बाभूळ, कडुनिंब, निलगिरीही चालतात. बाभूळ पाण्यात मुरवून मग सावलीत वाळवण्याची आपल्या शेतकऱ्यांची रीत योग्यच आहे. त्याने लाकडातला किड्यांना आवडणारा अंश निघून जातो. आतल्या वाशांना आणि रिपांना टाकणखार व बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून घेतले तर किडा लागत नाही, मात्र हे द्रव्य पाण्याने धुऊन जाते, त्यामुळे पावसात उघड्या राहणाऱ्या भागाला त्याचा उपयोग नाही. अंजनाचे लाकूड फार कठीण व जड. त्याच्या खुंट्या आणि मोगऱ्या उत्तम होतात, पण त्याच्या तुळया चढवण्याच्या भानगडीत पडू नये.

आगीची भीती पुष्कळांनी बोलून दाखवली आणि ती गैर नाही. जाड तुळई एकदम पेटून कोसळत नाही. तिच्या बाहेरच्या अंगाला कोळशाचा थर धरतो आणि जळणे मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने आत सरकते, त्यामुळे माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. उघडे लोखंड मात्र साडेपाचशे-सहाशे अंशांना निम्मी ताकद गमावून वाकते. तरीही सुतारकामाच्या खोलीत खरा धोका तुळयांचा नसून कोपऱ्यात साठलेल्या भुशाचा, कपच्यांचा आणि थिनरने भिजलेल्या चिंध्यांचा असतो. भुसा रोजच्या रोज बाहेर गेला पाहिजे. तो श्वासातूनही घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरलेली आहे, म्हणून तोंडावर मास्क आणि समोरासमोर खिडक्या या दोन्ही गोष्टी हव्यात. विजेची जोडणी लोखंडी नळीतून, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंगसह करून घ्यावी. वेल्डिंग करणाऱ्यांनी लाकडी कार्यशाळेचा विचार करू नये, त्यांना विटांच्या भिंती आणि पत्राच योग्य.

लाकडी बांधकाम म्हणजे मागासलेपण, ही समजूत आपल्याकडे कशी रुजली याची कारणे निरनिराळी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती कोसळून हजारो माणसे गेली आणि जुन्या पद्धतीच्या घरांवरचा लोकांचा विश्वासच उडाला. प्रत्यक्षात तेथे अनेक घरांच्या भिंती पडूनही आतला लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला होता, पण ही गोष्ट लोकांच्या स्मरणात राहिली नाही. त्याच वर्षी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगले वाचवण्याच्या हेतूने आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली. १९९६ मध्ये जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने देशभरातील विनापरवाना आरा गिरण्यांवर बंधने आली. जंगलांसाठी हे आदेश आवश्यकच होते, आणि सातपुड्याची जी अवस्था आपण डोळ्यांनी पाहिली आहे तीनंतर त्यांविरुद्ध बोलण्याची माझी इच्छा नाही. परंतु केंद्रीय बांधकाम विभागाची बंदी २०२० मध्ये उठली, याची दखल आपल्या जिल्ह्यांत कोणी घेतलेली दिसत नाही. शिवाय जुन्या घरातले लाकूड पुन्हा वापरण्यात एकही झाड तोडावे लागत नाही. जे लाकूड भट्टीत जळून किंवा कुजून संपेल ते आणखी दोन पिढ्या उभे राहिले, तर त्यातला कर्बही तितकी वर्षे हवेत जात नाही.

खानदेशाला हा विचार परका नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तेथील नगर बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातून, गावच्या कारागिरांच्या हातून उभे करावे असा महात्मा गांधींचा आग्रह होता, आणि त्याच्या सजावटीचे काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केले. सातपुड्याच्या कुशीत धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल आणि पावरा कुटुंबे आजही वर बेचके असलेले खांब रोवून, त्यांवर आढे टाकून, बांबूच्या कुडाला शेणमातीने लिंपून घरे उभी करतात. सांगाडा वेगळा आणि भिंत वेगळी ठेवण्याची समज आपल्या भागात किती जुनी आणि किती सर्वदूर आहे, हे तेथे गेल्यावर कळते.

अडचण आहे ती कागदावर. मी एका स्थानिक कार्यालयात बांधकामाच्या परवानगीची चौकशी करण्यास गेलो, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी सौजन्याने वागवले, परंतु लाकडी सांगाड्याचे बांधकाम कोणत्या सदरात बसवायचे हे त्यांना सांगता येईना. अखेर ‘पत्र्याची शेड असे लिहून द्या,’ असा सल्ला मिळाला. जे बांधायचे नाही ते लिहून देणे मला पटले नाही. मी अभियंत्याच्या सहीचा नकाशा जोडून खरे तेच लिहिले, त्यामुळे परवानगीस बराच उशीर लागला. यात त्या कर्मचाऱ्यांचा दोष मी मानत नाही. त्यांच्यासमोर कोणताही नमुना नव्हता. वास्तविक लाकडी बांधकामाच्या रचनेसाठी आयएस ८८३ हे भारतीय मानक आहे, राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये लाकूड आणि बांबू यांवर स्वतंत्र विभाग आहे, आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. म्हणजे आधार सगळा आहे. तो तालुक्याच्या टेबलापर्यंत पोहोचलेला नाही.

लाकूड नेण्या-आणण्याचाही प्रश्न असाच आहे. साग हे १९६४ च्या झाडे तोडण्याच्या विनियमन कायद्याच्या अनुसूचीतील झाड आहे आणि सागाची गाडी दिसली की रस्त्यात विचारणा होणे साहजिक आहे. जुन्या घरातून निघालेले लाकूड त्याच गावात किंवा शेजारच्या गावात न्यायचे असेल, तर सामान्य माणसाने कोणता कागद सोबत ठेवावा आणि तो कोणाकडून घ्यावा, हे वन विभागाने मराठीत, एका पानावर, ग्रामपंचायतींच्या फलकावर लावले तर प्रामाणिक माणसाची धास्ती जाईल आणि चोरटा माल जुन्या लाकडाच्या नावाखाली नेणाऱ्यालाही आळा बसेल.

कारागिरांच्या बाबतीत एक संधी आज हाताशी आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण घेणाऱ्यास विद्यावेतन आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य मिळते. या प्रशिक्षणात आणि आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या वर्गांत तुळई-खांबाचे सांधे, कैची आणि जुन्या लाकडाची पारख यांसाठी थोडे दिवस राखून ठेवावेत, आणि ते शिकवायला आमच्या मिस्तरींसारख्या वृद्ध कारागिरांना मानधन देऊन बोलवावे. त्यांच्याकडे पदविका नाही, म्हणून त्यांना वर्गाबाहेर ठेवले तर हे ज्ञान दहा-पंधरा वर्षांत नाहीसे होईल, याविषयी मला शंका वाटत नाही. मुलांना ते रुचणार नाही असेही कोणी म्हणू नये. माझ्या कार्यशाळेत सुटीत येणारी नववी-दहावीची मुले सांध्यात खुंटी बसली की तो पुन्हा पुन्हा हलवून पाहतात.

म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या नगररचना व बांधकाम यंत्रणांना माझी विनंती आहे की, परसातील दोन ते चार खणांच्या लाकडी कार्यशाळेचे एक-दोन नमुना नकाशे अभियांत्रिकी महाविद्यालयांकडून तयार करून घ्यावेत. त्यांत खांब-तुळयांची मापे, तिरप्या आधारांच्या जागा, खांबाला तळखड्याशी जखडण्याची पद्धत, शेजाऱ्याच्या हद्दीपासून सोडायचे अंतर आणि विजेच्या जोडणीच्या अटी स्पष्ट दाखवाव्यात. शेजाऱ्यांचाही विचार त्यात असावा. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल आहे, तेव्हा रंधा मशीन कोणत्या भिंतीलगत ठेवावे हेसुद्धा नकाशात सांगता येईल. असा नमुना कार्यालयात उपलब्ध असला, तर अर्जदाराला ‘पत्र्याची शेड’ असे लिहून देण्याची पाळी येणार नाही आणि कर्मचाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाईल.

आणि ज्यांची घरे येत्या उन्हाळ्यात उतरायची आहेत, त्यांनी व्यापाऱ्याला बोलावण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मिस्तरींना घर दाखवावे, प्रत्येक खांबावर व तुळईवर खडूने क्रमांक घालून लांबी-रुंदी-जाडीची यादी करून घ्यावी, आणि जेसीबी लावण्याऐवजी सांधे सोडवून लाकूड उतरवावे. जेसीबीने ओढलेल्या तुळईचे कुसू तुटते, मग ती फक्त फळ्यांच्या किंवा जळणाच्या लायकीची राहते. उतरवलेले लाकूड विटांवर, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून वरून झाकावे. दोन पावसाळे ते सहज थांबते, आणि तेवढ्या अवधीत परसातील कार्यशाळेचा निर्णय शांतपणे घेता येतो.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक
जि. जळगाव